आध्यात्मिक विचारपूस (वैद्यकीय)

आजारपणात रुग्णाला आधार कशाचा वाटतो, त्याची श्रद्धा काय आहे आणि उपचार ठरवताना तिचा विचार कसा व्हावा, हे डॉक्टर किंवा परिचारिकेने त्याच्याशी बोलून समजून घेण्याची पद्धत. केसपेपरवरचा धर्माचा रकाना भरला म्हणजे ही विचारपूस झाली, असे नव्हे. देव न मानणाऱ्या रुग्णालाही तिची तितकीच गरज असते.

या विषयाला आधुनिक वैद्यकात जागा मिळाली ती मुख्यतः सिसिली साँडर्स (१९१८–२००५) यांच्यामुळे. शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक वेदना एकमेकींत गुंतलेल्या असतात, ही ‘समग्र वेदने’ची कल्पना त्यांची. त्यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांचे शुश्रूषाकेंद्र, सुरू केले. भारतातले पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे उभे राहिले. अमेरिकेत क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी १९९६ च्या सुमारास सहकाऱ्यांसह ‘एफआयसीए’ ही प्रश्नावली तयार केली. श्रद्धा कोणती, तिचे महत्त्व किती, सोबतीला कोणता समुदाय आहे आणि उपचारांत याची दखल कशी घ्यावी, हे तिचे चार टप्पे.

विचारपुशीचा उपयोग मरणासन्न रुग्णापुरता नाही. मधुमेही माणूस एकादशी, रोजे किंवा पर्युषणातले उपवास करतो आणि डॉक्टर रागावतील म्हणून सांगत नाही. इन्सुलिन किंवा काही गोळ्या नेहमीच्या मात्रेत घेऊन पोट रिकामे राहिले, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. वेळेत विचारले, तर मात्रा आणि वेळा बदलता येतात किंवा उपवास का टाळावा हे समजावता येते. ‘हे माझ्या कर्माचे भोग’ असे मानून वेदनाशामक औषध नाकारणाऱ्याशी तर आधी त्या भोगाबद्दलच बोलावे लागते. डोस वाढवण्याची गोष्ट नंतरची.

ट्रेसी बाल्बोनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत कर्करोग बळावलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. २०१० च्या निष्कर्षांनुसार, ज्यांना उपचार करणाऱ्यांकडून आध्यात्मिक आधार मिळाला, ते अखेरीस हॉस्पिस सेवेकडे अधिक वळले. २०१३ मध्ये वेगळेच चित्र दिसले: धार्मिक समुदायाचा भरपूर आधार असलेल्यांत अखेरच्या दिवसांत अतिदक्षता विभागातले उपचार अधिक होते, मात्र वैद्यकीय चमूकडूनही असा आधार मिळालेल्यांत ते कमी आढळले. हे काम सर्वस्वी पुजारी, मौलवी किंवा धर्मगुरूंवर सोपवून डॉक्टरांना मोकळे होता येत नाही, असे यावरून म्हणावे लागते.

मर्यादाही स्पष्ट आहेत. डॉक्टरांचा शब्द रुग्णाला मोडवत नाही. म्हणून स्वतःच्या श्रद्धेचा किंवा अश्रद्धेचा प्रचार खाटेजवळ करू नये. प्रार्थनेचा आग्रह धरणे गैरच. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याचे औषधोपचार अडवून मंत्र-गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे; तिथे आधी उपचार, बोलणे मागाहून. रुग्णाने विषय टाळला तर तो ताणू नये. आजार बळावला किंवा उपचारांची दिशा बदलली, की पुन्हा विचारावे.