गाळलेल्या जागेची कुळकथा

इंग्रजीच्या पेपरातली गाळलेली जागा म्हणजे व्याकरणाच्या मास्तरांची करामत, असं आपण धरून चालतो. ए, ॲन की द. फॉर की सिन्स. प्रत्यक्षात तिच्या जन्माशी इंग्रजीचा संबंध नव्हता आणि व्याकरणाचाही नव्हता. तिच्या जन्माला कारण झाला तो शाळकरी पोरांचा थकवा.

जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रॉत्सवाफमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एक वाद चालू होता. सकाळी सलग पाच तास शाळा भरवली तर मुलं फार दमतात का? शहराच्या कारभाऱ्यांनी हर्मान एबिंगहाउस यांना विचारलं. निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःच्याच स्मरणशक्तीवर प्रयोग करणारे हेच ते मानसशास्त्रज्ञ. त्यांनी मुलांना गणितं घातली, आकडे लक्षात ठेवायला लावले आणि तिसरी एक नवीच परीक्षा बेतली: एका उताऱ्यातली काही अक्षरं आणि शब्द गाळायचे, मुलांनी ते ठरलेल्या वेळात भरायचे. १८९७ मध्ये त्यांनी हे सारं प्रसिद्ध केलं. थकव्याचा निकाल काही स्पष्ट लागला नाही. पण वर्गात हुशार, मध्यम आणि मागे पडणारी मुलं कोणती, हे गाळलेल्या जागांनी इतर दोन परीक्षांपेक्षा चांगलं दाखवलं. विखुरलेल्या तुकड्यांतून अर्थ जुळवणं हाच बुद्धीचा गाभा, असं एबिंगहाउस यांचं म्हणणं होतं. पुढे १९०५ मध्ये बिने आणि सिमों यांनी पॅरिसमध्ये बुद्धिमापनाची जी कसोटी तयार केली, तिच्यातही अपुरी वाक्यं पुरी करायचा प्रश्न आला.

त्यानंतर जागेला नवा मालक मिळाला तो अमेरिकेत. १९५३ मध्ये विल्सन टेलर यांनी विद्यार्थ्याऐवजी मजकुरालाच परीक्षेला बसवलं. लेख किती अवघड आहे हे तोवर वाक्यांची लांबी आणि शब्दांचा अवघडपणा मोजून ठरवत. टेलरनी डोळे मिटून दर पाचवा शब्द उडवला, मग तो 'द' असो की क्रियापद, आणि वाचकांना किती शब्द अचूक ओळखता येतात ते मोजलं. लेखिका गर्ट्रूड स्टाइन यांच्या गद्यावर ही पद्धत फार मजेशीर ठरली: शब्द सोपे, वाक्यं साधी, म्हणून जुनी सूत्रं तो उतारा सोपा ठरवत, वाचकांना मात्र त्यातल्या जागा भरता येईनात. टेलरनी या पद्धतीला 'क्लोझ' हे नाव दिलं. मूळ लेखकाचाच शब्द आला तर गुण, समानार्थी शब्दाला शून्य, हा त्यांचा नियम. मजकूर मोजताना तो चालतो. पोरांना लावला तर अन्यायच.

कारण जागा भाषेच्या परीक्षेत आली की अडचण सुरू होते. एक वाक्य घ्या: '... इट रेन्ड हेविली, द मॅच वेंट ऑन.' इथे 'ऑल्दो' चालतं, 'दो'ही चालतं. शेवट बदलून 'द मॅच वॉज कॅन्सल्ड' करा, की 'बिकॉज' किंवा 'ॲज' हवं. म्हणजे उत्तर जागेच्या पुढे, पार वाक्याच्या टोकाला आहे. जागा दिसताच पेन टेकवणारा इथे हमखास फसतो. फॉर आणि सिन्सचं दुखणं वेगळं. आपण 'दहा वर्षांपासून' म्हणतो आणि '२०१५ पासून'ही म्हणतो. इंग्रजी मात्र कालावधीला फॉर लावते आणि आरंभबिंदूला सिन्स. ते संदर्भावरून हुडकता येत नाही, माहीतच असावं लागतं. दोन्ही जागा कागदावर सारख्याच दिसतात, पण एक अर्थ तपासते, दुसरी नियम. आपल्या व्यवसायमालांत दुसऱ्या प्रकारचीच भरताड फार, हे मला खटकतं.

१९७९ मध्ये चार्ल्स ऑल्डरसन यांनी दाखवलं की दर कितवा शब्द गाळला यावरच परीक्षा बदलते. त्यामुळे परीक्षकाने शब्द नीट निवडून गाळावेत, हा मार्ग पुढे आला. केंब्रिजच्या बी-टू फर्स्ट परीक्षेत असा आठ जागांचा उतारा असतो, पर्याय न देता, प्रत्येक जागी एकच शब्द. जर्मनीत क्लाइन-ब्रेली आणि राट्स यांनी १९८१ मध्ये वेगळीच वाट काढली: पहिलं वाक्य शाबूत ठेवायचं, मग दर दुसऱ्या शब्दाचा उत्तरार्ध खोडायचा. याला 'सी-टेस्ट' म्हणतात. शब्दाचं डोकं समोर असल्याने उत्तरांच्या फाट्यांना फारशी जागाच उरत नाही.

आता या जागा यंत्रं भरतात. गूगलच्या 'बर्ट' या भाषा-प्रारूपाला २०१८ मध्ये असंच शिकवलं: मजकुरातले पंधरा टक्के तुकडे निवडायचे, त्यातले बहुतेक झाकायचे आणि मागचंपुढचं पाहून यंत्राने ते ओळखायचे. त्याच्या कर्त्यांनी आपल्या लेखात टेलरचा दाखला दिला आहे. पुण्याच्या 'एल-थ्री-क्यूब' गटाने याच धर्तीवर मराठीसाठी 'महाबर्ट' तयार केलं. ही यंत्रं अनोळखी लांब शब्दाचे तुकडे पाडून वाचतात. मराठीत तर एकाच शब्दाला प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं एकामागून एक चिकटतात. त्यामुळे 'शेजाऱ्यांकडूनसुद्धा'सारख्या शब्दात झाकण कधी नुसत्या शेपटावर पडतं, आणि ते शेपूट ओळखायला यंत्राला वाक्याचं क्रियापद गाठावं लागतं.