क्रॉइत्सबेर्गचा आराखडा आणि तेथील माणसे

बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्ग भागात कोटबुसर टोर स्थानकाबाहेर उभे राहिले, की एकाच चौकात दोन विचार समोरासमोर दिसतात. एका बाजूस १९७४ साली पूर्ण झालेली काँक्रीटची अजस्र वक्राकार इमारत. मागील गल्ल्यांत एकोणिसाव्या शतकातील, अंगणामागे अंगण असलेली भाड्याची घरे. मूळ बेत तडीस गेला असता, तर यांतील बरीच घरे आज उभी नसती.

ऑगस्ट १९६१ मध्ये भिंत उभी राहिली आणि शहराच्या मध्यावरचा क्रॉइत्सबेर्ग पश्चिम बर्लिनच्या अगदी कडेला जाऊन पडला. १९६३ च्या नूतनीकरण कार्यक्रमाने जुन्या वस्त्या पाडून नव्या बांधण्याचे ठरवले. ओरानियनप्लात्झवरून वेगवान महामार्ग नेण्याचीही योजना होती. पाडायचीच घरे दुरुस्त कोण करणार? ती कुजत गेली, ज्यांना शक्य होते ती जर्मन कुटुंबे बाहेर पडली आणि उरलेल्या खोल्या तात्पुरत्या म्हणून परदेशी कामगारांना मिळाल्या. तुर्कस्तानाशी कामगारभरतीचा करार ३० ऑक्टोबर १९६१ रोजी झाला होता. म्हणजे आराखड्यानेच ही माणसे तेथे आणली आणि आराखड्यातच त्यांना जागा नव्हती.

पुढे १९७५ पासून क्रॉइत्सबेर्ग, टियरगार्टन व वेडिंग या तीन विभागांत परदेशीयांना नव्याने राहावयास येण्याची मनाई झाली. पारपत्रावर तसा शिक्का मारला जाई. गावकुसाबाहेर राहण्याची सक्ती आपल्या पूर्वजांनी सोसली. जन्माने चिकटणारी अस्पृश्यता आणि परकीय नागरिकत्व या गोष्टी एक नव्हेत, हे खरे. पण माणसाने कोठे राहावे हे त्याला न विचारता दुसऱ्याने ठरवावे, ही रीत आपल्या परिचयाची आहे.

१९८०-८१ मध्ये पश्चिम बर्लिनमधील दीडशेहून अधिक रिकाम्या घरांत लोक जबरीने शिरून राहू लागले. दंगली झाल्या, पोलीस आले. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय बांधकाम प्रदर्शनाच्या जुन्या घरांच्या विभागाचे प्रमुख वास्तुविशारद हार्ड्ट-वाल्टहेर हेमर यांनी काळजीपूर्वक नूतनीकरणाची बारा तत्त्वे मांडली. नूतनीकरण आजच्या रहिवाशांसह व व्यावसायिकांसह आखावे, हे त्यांतले पहिले. पाडापाडी कमीत कमी करावी, घरे टप्प्याटप्प्याने सुधारावीत, रहिवाशांचे सहभागाचे हक्क निश्चित असावेत, हेही त्यांत होते. क्रॉइत्सबेर्गच्या विभागीय सभेने ती मान्य केली. ही उदारता सभागृहात आपोआप उपजली नव्हती; रस्त्यावरचा रेटा तिच्यामागे होता.

येथे महाड आठवते. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला, तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा ठरावाला अर्थ आला. आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला! उच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय मिळण्यास १९३७ उजाडले.

क्रॉइत्सबेर्गमध्ये ठराव टिकला, पण त्याला एक मोठी उणीव होती. ज्या तुर्की भाडेकरूंच्या घरांविषयी सभा चर्चा करी, त्यांतील बहुतेकांना ती सभा निवडण्याचा अधिकार नव्हता. हाम्बुर्ग व श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्यांनी परदेशीयांना स्थानिक मतदानाचा हक्क देऊ केला, तेव्हा संघराज्याच्या घटना न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९० रोजी ते कायदे रद्द केले. पुढे युरोपीय संघाच्या नागरिकांना हा हक्क मिळाला. भारतीय पारपत्र बाळगणारी आपली कुटुंबे आजही त्याबाहेर आहेत.

बांधकाम आराखड्याच्या प्रक्रियेत मात्र एक दार उघडे आहे. बांधकाम संहितेत पूर्वी ‘नागरिकांचा’ सहभाग असे शब्द होते. २००४ च्या सुधारणेने तेथे ‘जनतेचा’ सहभाग असे लिहिले. आराखड्याचा मसुदा किमान तीस दिवस खुला ठेवावा लागतो, त्या मुदतीत कोणालाही लेखी म्हणणे देता येते आणि सभेला ते विचारात घेऊन तोलावे लागते. सार्वजनिक कायद्याखालील दर्जा असलेल्या चर्च व धार्मिक समाजांनी निश्चित केलेल्या उपासनेच्या गरजा लक्षात घ्याव्यात, असेही ही संहिता सांगते. विहारासाठी भाड्याची जागा शोधणाऱ्या आपल्या मंडळींनी हे कलम वाचून ठेवावे. सूचना जर्मन भाषेत निघते, बहुधा पालिकेच्या राजपत्रात, आणि मुदत संपली की उशिरा आलेले म्हणणे बाजूला ठेवले जाऊ शकते.