शब्दवेध : भूल

शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसलेली माणसं, शिराळ्यात काय किंवा साताऱ्यात काय, एकच विचारतात : ‘भूल उतरली का?’ शब्द जुना आहे. हेमचंद्राने 12व्या शतकातल्या आपल्या प्राकृत व्याकरणात ‘भ्रंश्’, म्हणजे ढळणे, या धातूचे जे आदेश सांगितले त्यांत ‘भुल्ल’ आहे. त्याच सूत्रात ‘चुक्क’ही आहे. भूल आणि चूक अशा सख्ख्या शेजारणी. रानवाटेत भूल पडते, रूपाची भूल पडते. वैद्यकात मात्र भूल ‘दिली’ जाते, आणि ढळलेल्या शुद्धीची जबाबदारी देणाऱ्यावर येते. मला ही जोडणी फार मोलाची वाटते.

ती जबाबदारी कळायला वेळ लागला. नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हास्यवायू, वेदना शमवतो हे हम्फ्री डेव्हीने 1800 सालीच लिहिलं होतं. 1844 मध्ये दंतवैद्य होरेस वेल्सने तो हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. पण निव्वळ हास्यवायूने रुग्ण काळानिळा पडे. 1868 मध्ये शिकागोच्या एडमंड अँड्र्यूजने त्यात प्राणवायू मिसळला, तेव्हा भूल आणि श्वास एकत्र नांदू लागले.

भूल आणि श्वास यांचं हे नातं नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेल्या शिराळ्याला नीट समजावं. नागाच्या विषाने स्नायू लुळे पडतात, शुद्ध असतानाच श्वास थांबू शकतो. तेव्हा घशात नळी घालून, फुगा दाबत श्वास चालू ठेवण्यात सर्वांत तरबेज भूलतज्ज्ञच. म्हणून दंश झाल्यावर मांत्रिकाकडे नको. प्रतिविष आणि कृत्रिम श्वास जिथे मिळेल तिथेच, तडक.