फ्लोरीन, चिनी मातीचा पापुद्रा आणि दंतमार्जन

पैनगंगेच्या दक्षिणेस वसलेला आदिलाबाद जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, मग आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ साली तेलंगणात आला. राज्ये बदलली, तरी नदीपलीकडच्या यवतमाळशी त्याचा व्यवहार मराठीतून चालतच राहिला. जमिनीखालच्या पाण्यानेही ही सीमा कधी मानली नाही. दोन्ही तीरांवरील काही गावांत विहिरींच्या आणि कूपनलिकांच्या पाण्यातील फ्लोराइडाचे प्रमाण लिटरमागे दीड मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर जाते. पक्के दात हिरडीखाली घडत असतात त्या वयात असे पाणी पोटात गेले, तर दात उगवतात तेच खडूसारखे पांढरट किंवा तपकिरी पट्ट्यांचे. राखुंडीने कितीही घासले तरी हा डाग निघत नाही. तो दातावर बसलेला नसतो, दाताबरोबरच घडलेला असतो. दातवण लावून दात काळे करणे शोभेचे मानले जाई त्या काळी त्याचे कोणाला फारसे वाटले नसेल. आता मात्र सोयरिकीच्या बोलण्यात दातांकडे नजर जाते, आणि मुलेमुली ओठ मिटून हसण्यास शिकतात.

या डागाचा शोध दूरदेशी लागला. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने १९०१ पासून त्याचा पाठपुरावा केला. त्याचे कारण पाण्यातील फ्लोराइड होय, हे चर्चिल या रसायनज्ञाने १९३१ साली दाखविले. भारतात १९३७ मध्ये नेल्लोर भागातून आणि १९५५ मध्ये नलगोंड्यातून या विकाराची नोंद झाली.

डाग झाकण्याची युक्ती निघाली ती चित्रपटांच्या हौसेपायी. हॉलिवुडमधील दंतवैद्य चार्ल्स पिंकस याने १९२८ च्या सुमारास नटनट्यांच्या दातांवर पातळ मुलामे चिकटविले. ते चित्रीकरणापुरतेच टिकत. जेवताना काढून ठेवावे लागत. पुढे १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर याने फॉस्फरिक आम्लाने दाताचे एनॅमल खरबरीत करून त्यावर राळ पक्की बसविता येते हे सिद्ध केले. चिनी मातीचा पापुद्रा त्या राळेला घट्ट धरीना, तो अडसर १९८३ च्या सुमारास दूर झाला: पापुद्र्याची आतली बाजू हायड्रोफ्लोरिक आम्लाने कोरून काढण्यात आली. म्हणजे ज्या फ्लोरीनने दात डागाळले, त्याच्याच आम्लाने डागावरचे पांघरूण पक्के केले! व्हेनियर म्हणतात ते हेच. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते.

फ्लोरीनची तिसरी गाठ पडते ती दंतमार्जनाच्या वेळी. दातांवरील कीटण काढण्यासाठी वेगळा शिक्षित सहायक असावा, ही कल्पना आल्फ्रेड फोन्स याने १९०६ साली ब्रिजपोर्ट येथे अमलात आणली. भारताच्या १९४८ च्या दंतवैद्य कायद्यातही अशा सहायकांच्या नोंदणीची तरतूद झाली. व्हेनियर बसविलेल्याने दंतमार्जन टाळावे, हा समज घातक आहे. कीटण साचले की हिरडी सुजते, मागे सरते आणि जोडाची कड उघडी पडते. नीट बसलेला पापुद्रा दंतमार्जनाने निघून येत नाही. जपावे लागते ते त्याच्या झिलईला आणि कडेला. कंप पावणारे यंत्राचे टोक कडेवर टेकले तर टवका उडू शकतो. पोलादी हत्याराने चरे पडतात. प्यूमिसच्या भरड पुडीने चकाकी मंदावते आणि खरबरीत पृष्ठावर चहातंबाखूचे डाग लवकर धरतात. शेवटी दातांना फ्लोराइडाचा लेप देण्याचा प्रघात आहे. त्यातील फॉस्फेटयुक्त आम्लधर्मी लेप नैसर्गिक दाताला बळ देतो, पण चिनी मातीची झिलई खातो. त्याऐवजी आम्लरहित सोडियम फ्लोराइड वापरले म्हणजे झाले. उत्तम बसलेला पापुद्रा परक्या दंतवैद्याला चटकन ओळखूही येत नाही. म्हणून आदिलाबादहून नागपुरास किंवा हैदराबादेस जाणाऱ्या रुग्णाने खुर्चीत बसताच ते सांगणे इष्ट.

२०१६ पासून मिशन भगीरथ योजनेतून तेलंगणातील गावांत नळाने नदी-जलाशयांचे पाणी येऊ लागले. त्या पाण्यावर वाढलेल्या मुलांचे पक्के दात आता कोठे दिसू लागले आहेत.