नोंदींनी लपवले, बेरजेने सांगितले

१/७
१६२५ साली लंडनमध्ये प्लेगने किती माणसे दगावली? शहराच्या नोंदींत आकडा होता ३५,४१७. पुढे जवळपास चार दशकांनी एका व्यापाऱ्याने साध्या बेरीज-वजाबाकीने दाखवून दिले, की हा आकडा अपुरा आहे.

२/७
लंडनमध्ये दर गुरुवारी ‘बिल ऑफ मॉर्टॅलिटी’ नावाचे पत्रक निघे. आठवड्यात प्रत्येक चर्चच्या हद्दीत किती दफने झाली आणि त्यांपैकी प्लेगची किती, हे त्यात असे. लोक पत्रक चाळत, साथ वाढते आहे का ते पाहत आणि ते बाजूला टाकत.

३/७
जॉन ग्रॉन्ट हा शिवणसामानाचा व्यापारी. त्याने ही जुनी पत्रके जमवली. शेकडो आठवड्यांचे आकडे वर्षवार मिळवून त्याने तक्ते मांडले. आज स्प्रेडशीटमधील पिव्हट टेबल जे काम क्षणात करते, ते त्याने लेखणीने केले.

४/७
तक्त्यात १६२५ची ओळ खटकली. प्लेग वगळून त्या वर्षी १८,८४८ मृत्यू झाले होते. आसपासच्या वर्षांत हाच आकडा सात ते आठ हजार असे. इतर सर्व रोग नेमके त्याच वर्षी एवढे बळावले कसे?

५/७
ग्रॉन्टचा निष्कर्ष : हे अधिकचे सुमारे ११,००० मृत्यूही प्लेगचेच. एकूण प्लेगबळींपैकी जवळपास चौथा हिस्सा दुसऱ्याच रोगांच्या नावावर चढला होता.

६/७
असे का घडले असावे? प्लेगची नोंद झाली, की घराला टाळे लागे आणि धडधाकट माणसेही रोग्यासोबत आत कोंडली जात. मृत्यूचे कारण ठरवणाऱ्या वृद्ध स्त्रिया गरीब होत्या. त्या लाच घेत, असे ग्रॉन्टनेही लिहिले आहे. उरलेल्यांना वाचवण्यासाठी एखादे कुटुंब मृताचा रोग लपवू शकत होते. मृत्यू मात्र लपत नव्हता.

७/७
१६६२ साली ग्रॉन्टचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी हा दुकानदार रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. नेहमीच्या वर्षाशी तुलना करून ‘अतिरिक्त मृत्यू’ मोजण्याची ही रीत आजही जिवंत आहे. २०२० व २०२१ या दोन वर्षांत जगभर कोविडचे ५४ लाख मृत्यू नोंदले गेले. जागतिक आरोग्य संघटनेचा अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज मात्र सुमारे १ कोटी ४९ लाखांचा होता. एकेका नोंदीत माणसाची भीती शिरू शकते; वर्षांच्या रांगेत ती उघडी पडते.