मेलिऑयडोसिस
मेलिऑयडोसिस : 'बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय' या माती-पाण्यात राहणाऱ्या दंडाकार जंतूमुळे होणारा आणि प्रामुख्याने प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना ग्रासणारा संसर्ग. अल्फ्रेड व्हिटमोर व सी. एस. कृष्णस्वामी यांनी रंगूनमधील रुग्णांच्या अभ्यासातून त्याचे पहिले वर्णन १९१२ साली प्रसिद्ध केले. भारतातील पहिला नोंदलेला रुग्ण मुंबईतील एक बालक असून ती नोंद १९९१ सालची आहे.

जंतू त्वचेवरील जखमेतून, श्वासातून किंवा दूषित पाण्यातून शरीरात शिरतो, आणि पावसाळ्यात ओल्या मातीशी संबंध वाढत असल्याने रुग्णही तेव्हाच वाढतात. निम्म्याहून अधिक रुग्णांना मधुमेह असतो, कारण जंतूंना गिळून नष्ट करणाऱ्या पांढऱ्या पेशींचे कार्य त्या विकारात मंदावते. मूत्रपिंडाचा जुनाट विकार, अतिमद्यपान व स्टेरॉइड औषधे यांनीही धोका वाढतो. एचआयव्हीचा संसर्ग मात्र येथे ठळक कारण ठरलेला नाही, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे.

न्यूमोनिया, रक्तात जंतू पसरणे (जंतुरक्तता) आणि यकृत, प्लीहा, पुरःस्थ ग्रंथी यांतील गळवे ही त्याची मुख्य रूपे होत. रेंगाळणारा ताप, खोकला व वजनातील घट यांमुळे त्याची क्षयाशी गल्लत होते आणि रुग्णाला क्षयाची औषधे सुरू होतात. प्रयोगशाळेतही हा जंतू दुसरीच स्यूडोमोनास जाती म्हणून बाजूला पडू शकतो. पेनिसिलिन व जेंटामायसिन यांना तो सहसा दाद देत नसल्याने अंदाजाने सुरू केलेल्या उपचारात मोलाचे दिवस वाया जातात.

रोगाची परिणती जंतूइतकीच निदानाच्या वेळेवर अवलंबून असते. उत्तर ऑस्ट्रेलियात, जेथे डॉक्टर हा रोग सुरुवातीपासून गृहीत धरतात व अतिदक्षता सेवा सहज मिळते, मृत्युप्रमाण सुमारे १० टक्क्यांवर आले आहे. ईशान्य थायलंडमध्ये ते सुमारे ४० टक्के राहिले. थायलंडमधील १९८९ च्या अभ्यासात सेफ्टाझिडिमने गंभीर रुग्णांतील मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटल्याचे दिसले. आज सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम किमान १० ते १४ दिवस शिरेतून देतात आणि नंतर निदान तीन महिने को-ट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या देतात. बरे वाटू लागताच गोळ्या थांबवणे हे रोग उलटण्याचे प्रमुख कारण आहे. शरीरात सुप्त राहिलेला जंतू अनेक वर्षांनीही डोके वर काढू शकतो.

२०१६ च्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १,६५,००० जणांना हा रोग होतो व ८९,००० दगावतात. त्यांतील मोठा वाटा दक्षिण आशियाचा आहे. जालना जिल्ह्यातील वडीगोद्रीसारख्या गावांत, जेथे कालव्याच्या पाण्यावर ऊस व कपाशी पिकते आणि अनवाणी चिखलात काम करणाऱ्यांत मधुमेहीही असतात, या रोगाची शंका घेण्याचे कारण स्पष्ट आहे. पायाला जखम असताना मधुमेही शेतकऱ्याने बूट घालून चिखलात उतरावे. आणि औषधांना न जुमानणारा ताप असलेल्या अशा रुग्णाचे रक्त व पू जंतुसंवर्धनासाठी पाठवताना डॉक्टरांनी मेलिऑयडोसिसची शंका प्रयोगशाळेस लेखी कळवावी.