गोरेगावचा टेम्पो आणि हार्बुर्गची कॅम्पर : एकाच घराण्यातल्या दोन गाड्यांचा इतिहास

नीट जपलेली जुनी कॅम्पर व्हॅन रस्त्यात उभी दिसली की पावले थबकतात. दुरंगी पत्रा, खिडक्यांना पडदे, आत घडीचा पलंग आणि एक लहानशी शेगडी. अशा जुन्या व्हॅनचे मोल आज कुठवर गेले आहे पाहा. फोक्सवॅगनच्या १९६३ सालच्या एका तेवीस खिडक्यांच्या व्हॅनला २०११ मध्ये अमेरिकेतील लिलावात २ लाख १७ हजार डॉलरांहून अधिक किंमत आली. मूळ आराखड्यात ही गाडी साधी मालवाहू होती. मालवाहू गाडीला हे भाग्य कसे लाभते आणि तिच्याच काळातील, तिच्याच देशातील एका दुसऱ्या गाडीचा वंश मुंबईच्या उपनगरात येऊनही त्याला ते का लाभले नाही, याचा हा धागा.

सुरुवात जर्मनीतून करावी लागते. २३ एप्रिल १९४७ रोजी बेन पॉन या डच व्यापाऱ्याने आपल्या वहीत एका चौकोनी गाडीचे रेखाटन केले. चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे आणि मधली सगळी जागा मालासाठी. त्या रेखाटनावरून उभ्या राहिलेल्या व्हॅनचे उत्पादन मार्च १९५० मध्ये सुरू झाले. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या कंपनीने तिच्यासाठी काढघाल करता येईल असा लाकडी सरंजाम तयार केला. आठवडाभर गाडीतून माल न्यायचा आणि शनिवारी हा सरंजाम आत बसवून कुटुंबासह निघायचे. युद्धाने कंगाल झालेल्या देशात दोन गाड्या कोणाला परवडणार? कॅम्परचा जन्म चैनीतून झाला, असे आज वाटते. प्रत्यक्षात तो काटकसरीतून झाला.

याच व्हॅन साठ-सत्तरच्या दशकांत इस्तंबूल, तेहरान, काबूल असा प्रवास करीत भारतात आणि पुढे गोव्यापर्यंत आल्या. १९७९ मध्ये इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानातील युद्ध यांमुळे ती वाट बंद झाली. भारतीयांच्या मनातील कॅम्परची प्रतिमा बहुतांशी या पाहुण्यांनी घडवली. पण तिचे एक भावंड त्याआधीच गोरेगावात पोहोचले होते, आणि तेही कामाला जुंपलेले.

हॅम्बुर्गजवळच्या हार्बुर्ग येथे ‘विदाल अँड सोन’ ही कंपनी ‘टेम्पो’ या नावाने लहान मालवाहू गाड्या बनवीत असे. १९४९ मध्ये तिने दोन गाड्या बाजारात आणल्या. पहिली ‘हान्सिआट’ : तीन चाकांची, पुढे एकच चाक, इंजिनही तिथेच आणि मागे हौदा. दुसरी ‘मॅटॅडोर’ : चारचाकी व्हॅन. या मॅटॅडोरचे पहिले इंजिन चक्क फोक्सवॅगनचे होते. स्वतःची व्हॅन बाजारात असलेल्या फोक्सवॅगनने १९५२ मध्ये हा पुरवठा थांबवला आणि टेम्पोला दुसऱ्या इंजिनांचा शोध घ्यावा लागला.

रचनेत मात्र मॅटॅडोर एका बाबतीत सरस होती. तिची पुढची चाके ओढणारी, म्हणजे इंजिन आणि सगळी यंत्रणा पुढे. त्यामुळे मागची फरशी सपाट आणि जमिनीलगत राही. गोण्या चढवायला सोपे आणि घर थाटायलाही सोपे. या गाडीच्याही कॅम्पर आवृत्त्या निघाल्या. इंग्लंडमध्ये जेन्सन कंपनीने ती परवान्यावर बनवली. टेम्पो पुढे हानोमागच्या ताब्यात गेली, हानोमागचा वाहनव्यवसाय डाइमलर-बेंझकडे आला आणि सत्तरच्या दशकात तीच हार्बुर्गची व्हॅन मर्सिडीजचा तारा लावून धावू लागली. तिच्यावर बांधलेल्या घरगाड्या युरोपातले हौशी लोक आजही निगुतीने सांभाळतात.

आता मुंबईकडे. स्वातंत्र्याच्या आगेमागे भारतीय मोटारधंद्याचा मोठा भाग या शहराच्या उपनगरांत उभा राहत होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यात, पुढे महिंद्रचा कांदिवलीत. आणि गोरेगावात बजाज टेम्पोचा. नवलमल कुंदनमल फिरोदिया हे मूळचे अहमदनगरचे, स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगलेले. भारतात ऑटोरिक्षा आणण्याच्या खटपटीतही ते आघाडीवर होते. त्यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये विदाल अँड सोनच्या सहकार्याने बजाज टेम्पो स्थापन झाली आणि गोरेगावात तीनचाकी हान्सिआट तयार होऊ लागली.

काळ लक्षात घ्यावा. आयातीवर कडक बंधने, प्रत्येक उत्पादनाला परवाना. ट्रक मोठा आणि महाग, हातगाडी आणि बैलगाडी स्वस्त पण मंद. या दोहोंमधली जागा हान्सिआटने घेतली. जर्मनीत लहान दुकानदारांसाठी घडलेली गाडी इथेही लहान दुकानदारांनीच उचलली. उत्तर भारतात तर तिच्यावर बाकडी बसवून माणसांची वाहतूक सुरू झाली. तिकडे ‘टेम्पो’ म्हटले की आजही सामायिक तीनचाकीच डोळ्यांपुढे येते. काठमांडूत १९९० च्या दशकात विजेवर चालणाऱ्या तीनचाकी आल्या, त्यांनाही ‘सफा टेम्पो’ हेच नाव मिळाले.

साठच्या दशकात उत्पादन गोरेगावहून पुण्याजवळच्या आकुर्डीला हलले आणि तिथून १९६९ मध्ये मॅटॅडोर बाहेर पडली. जर्मन व्हॅनशी तिचे साम्य केवळ नावापुरते नव्हते. हार्बुर्गच्या व्हॅनचाच पत्रा, तीच पुढची चाके ओढणारी रचना. म्हणजे बोरिवली-मुलुंडच्या रस्त्यांवर शाळेची मुले घेऊन धावणारी मॅटॅडोर आणि युरोपच्या एखाद्या तळ्याकाठी पडदे लावून उभी असलेली मर्सिडीज कॅम्पर या सख्ख्या बहिणी ठरतात.

मराठी घरांत मॅटॅडोर कॅम्पर झाली नाही, असेही सर्वस्वी म्हणता येत नाही. अष्टविनायक असो, शिर्डी असो वा लग्नाचे वऱ्हाड, भाड्याची मॅटॅडोर ठरायची. स्टोव्ह, तांदूळ, पातेली, सतरंज्या असा सगळा संसार तिच्यात भरला जाई आणि वाटेत एखाद्या झाडाखाली स्वयंपाक होई. फरक मालकीचा होता. सहल संपली की सरंजाम उतरायचा आणि दुसऱ्या दिवशी गाडी दुधाच्या कॅनसाठी निघायची.

वस्तू जपली जाणार की नाही, हे बहुधा इथेच ठरते. जर्मन कॅम्पर एका कुटुंबाची असे. वर्षातले काही आठवडे धावे आणि उरलेला काळ छपराखाली झाकून राही. मूळ पडदे, मूळ शेगडी आणि कारखान्याची पट्टी टिकून राहते ती त्यामुळेच. अशा गाडीत शिरल्यावर एका घराचे दिवस हाताला लागतात, आणि तिची खरी ओढ हीच आहे. चकाकत्या रंगाला लोक भुलतात हे खरे, पण तो रंग कोणीही देऊ शकतो. मुंबईतील मॅटॅडोरच्या वाट्याला मात्र खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि क्षमतेपेक्षा जास्त ओझे आले. पत्रा गंजला की ठिगळ लावायचे, इंजिन थकले की दुसरे बसवायचे आणि परवडेनासे झाले की भंगारात काढायचे. गाडीवर पोट असलेल्या मालकाला याहून वेगळे काही करणे शक्यही नव्हते.

कायदाही तिच्या मदतीला येत नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले : वय ५० वर्षांहून अधिक, मूळ रूपात मोठा बदल नको, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. हे नियम दुचाकी आणि प्रवासी मोटारींपुरते आहेत. मालवाहू व्हॅन आणि तीनचाकी हान्सिआट त्यांत बसत नाहीत. योगायोग असा की त्याच वर्षी महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. चाकांवरच्या नव्या घरांचे स्वागत झाले, पण ज्या जुन्या व्हॅननी राज्याला सहलीची सवय लावली, त्यांची आठवण कोणाला झाली नाही.

‘मूळ रूप’ ही अटही इतिहासाच्या दृष्टीने अडचणीची आहे. कॅम्परला ती शोभते. दहा वेळा दुरुस्त झालेल्या मॅटॅडोरचे मूळ रूप कोणते मानायचे? कारखान्यातून निघालेले, की गॅरेजमधल्या मिस्त्रीने पुढची वीस वर्षे घडवत नेलेले? तिची ठिगळे खरवडून तिला १९६९ सारखी करणे म्हणजे जुन्या हस्तलिखिताच्या समासातील नोंदी पुसून टाकण्यासारखे आहे. अशी एखादी गाडी सापडलीच, तर ती ठिगळांसकट जपली पाहिजे.

कष्टाच्या गाड्यांवर मुंबईकरांचे प्रेम नाही, असे मात्र नाही. १५ सप्टेंबर २०२३ रोजी बेस्टची अखेरची जुनी डबलडेकर ४१५ क्रमांकाच्या मार्गावर अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झकडे धावली, तेव्हा निरोपाला गर्दी लोटली आणि बस हारांनी सजली. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सीही गेली. शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची आणि टॅक्सीला वयोमर्यादा २० वर्षांची, त्यामुळे निरोपाची तारीख आधीच ठरलेली होती. दोन्ही वेळी गाडी वाचवण्याची मागणी झाली. मॅटॅडोर आणि हान्सिआट गेल्या तेव्हा कोणी हार घेऊन आले नाही, कारण अखेरची गाडी कोणती, हेच कोणाला कळले नाही.

बजाज टेम्पोचे नाव २००५ मध्ये बदलून फोर्स मोटर्स झाले आणि ‘टेम्पो’ हा शब्द कंपनीच्या पाटीवरून उतरला. गोरेगाव स्थानकाबाहेर घरसामान हलवण्यासाठी मात्र आजही लोक ‘टेम्पो’च ठरवतात. समोर येऊन उभी राहते ती टाटाची किंवा महिंद्रची गाडी.